कट्ट्यावर पहिल्यांदा येताय? मग हे वाचून या

देवगड तालुक्यात आमचा एक कट्टा आहे. आंब्याच्या पेट्या भरायच्या मांगरात दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण जमतो. भिंतीवर पांढरी चादर, रिकाम्या पेट्यांवर ठेवलेला प्रोजेक्टर, आणि समोर परग्रह, यंत्रमानव, काळयात्रा असलं काहीतरी. मालिका चालते एक तास, गजाली चालतात तीन तास. आधी मालिकेवर बोलणं होतं, मग त्या पंधरवड्यातली विज्ञानाची एखादी बातमी निघते, आणि नऊ वाजले की कितीही टाळलं तरी राजकारण येतंच.

नवीन माणूस पहिल्या दिवशी दोनपैकी एक चूक करतो. एक तर तोंड उघडत नाही, नाहीतर उघडल्यावर बंद करत नाही. गणपतीत आलेल्या एका चाकरमान्याने आम्ही निम्म्यावर आणलेल्या मालिकेचा शेवट चहा यायच्या आत सांगून टाकला होता. त्याला कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी त्याच्या वाटणीच्या खोबऱ्याच्या वड्याही कोणी पुढे सरकवल्या नाहीत. तेव्हापासून नवीन येणाऱ्याला मी हे सगळं आधी सांगतो. दर वेळी तेच तेच बोलून कंटाळा आला, म्हणून लिहून काढलं.

आधी एकच मालिका धरा

'डॉक्टर हू' १९६३ मध्ये सुरू झाली, 'स्टार ट्रेक' १९६६ मध्ये. सगळं पहिल्यापासून बघून मगच कट्ट्यावर यायचं असं ठरवलंत तर कलमांना चारदा मोहोर येऊन जाईल. तसं करू नका. 'डॉक्टर हू' २००५ मध्ये नव्याने सुरू झाली, तिथून धरा. 'स्टार ट्रेक'च्या जुन्या ७९ भागांतले पाच-सहा बघितलेत तरी बोलण्यापुरती शिदोरी होते. आणि एकच मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची असेल तर 'द एक्सपान्स' बघा. ६२ भाग आहेत, गोष्ट वाऱ्यावर सोडलेली नाही, आणि आमच्या निम्म्या वादांचं मूळ तिथेच आहे.

मराठी उपशीर्षकं बहुतेक मिळत नाहीत. हिंदी आवाज असेल तर लावा, त्यात कमीपणा काही नाही. आमच्यातल्या एक काकू सगळं हिंदीतच बघतात आणि आमच्यापेक्षा नेमकं बोलतात. भाग आधीच उतरवून ठेवा. पावसाळ्यात लाईट आणि नेट यांच्यापैकी एक तरी रुसलेलं असतं.

जुन्या मालिकांचे सेट बघून नवीन मुलं हसतात. पुठ्ठ्याचे खडक, हलणाऱ्या भिंती, रबरी राक्षस. त्यांना मी एवढंच विचारतो, दशावतार बघितलास ना? एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, युद्ध लागलं की तोच रथ, आणि शंकर आले की कैलास. पेटाऱ्यातून निघेल तेवढीच संपत्ती. तरी मध्यरात्री थंडीत चादर गुंडाळून बसलेल्या माणसाला समोर कैलासच दिसतो. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे उमटतात, ती युक्तीसुद्धा मूळची पैशाच्या तंगीतून आली. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडणारं नव्हतं. दशावतारी मंडळींना हे सांगितलं तर त्यांना काडीचंही नवल वाटणार नाही.

बघताना वही जवळ असू द्या

एका भागाला एक पान पुरे. वरच्या ओळीत लिहायचं: या गोष्टीने काय मानून घेतलंय? प्रकाशापेक्षा वेगाने जाता येतं, मेलेल्याची आठवण यंत्रात भरता येते, काय असेल ते. ती एक गोष्ट विनातक्रार मान्य करायची. देव आकाशातून बोलतो कसा, असं दशावताराला कोणी विचारत नाही. मात्र ती सोडून बाकीचं सगळं तपासायचं. पृथ्वीवरून मंगळाशी बोलताना समोरच्याचं उत्तर लगेच आलं? लगेच येणार नाही. नुसता एका बाजूचा निरोप पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात, दोन ग्रह कुठे आहेत त्यावर. पोकळीत स्फोटाचा आवाज झाला? खूण करून ठेवा.

खाली एक ओळ मोकळी सोडा, बघताना अडलेल्या प्रश्नासाठी. प्रश्न बाळबोध वाटला तरी लिहा. आमच्याकडचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न एका तांडेलाने विचारला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत तो नेमाने येतो. पडद्यावर एक अंतराळयान झोकात वळलं आणि वळताना एका अंगाला कललं. सगळे बघत होते, हा मागून म्हणाला, "ता कलंडता कशार? थय पाणी खय आसा?"

मांगरात शांतता. त्याचं बरोबर होतं. होडी वळताना कलते कारण खाली पाणी आहे, विमान कलतं कारण पंखाखाली हवा आहे. पोकळीत टेकायला काहीच नाही, तिथे कलून वळण मिळत नाही. दिशा बदलायची तर इंजिनाचा झोत दुसरीकडे वळवायला हवा. पुढच्या बैठकीला आम्ही मुद्दाम 'द एक्सपान्स' लावली. तिथली यानं अर्धा प्रवास वेग वाढवत जातात, मग उलटी फिरतात आणि उरलेला अर्धा प्रवास इंजिन पुढे धरून वेग मारत जातात. तांडेल खूश झाला. बंदरात शिरताना तोही इंजिन उलटं टाकून होडीचा वेग मारतो, तेव्हा यात शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. त्याने उलट आम्हालाच शिकवलं की अंदाज चुकला तर जेटीचं काय होतं.

बातमी आणायची तर अशी आणा

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद ठेवा." हा निरोप दर दोन-तीन वर्षांनी येतो आणि दर वेळी कोणीतरी तो कट्ट्यावर घेऊन येतो. वैश्विक किरण रोज, चोवीस तास, तुमच्या-आमच्या अंगातून जात असतात. त्यांची वेळ ठरलेली नसते. दिवाळीत अवकाशातून भारत असा दिसतो म्हणून फिरणारं रंगीत चित्रही तसलंच. वेगवेगळ्या वर्षांचे रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवलेला तो नकाशा आहे, दिवाळीशी त्याचा संबंध नाही. असलं काही आणलंत तर कोणी रागावणार नाही, पण चहाचे कप तुम्हाला विसळावे लागतील. नियमच आहे.

खरी अडचण खोट्या बातम्यांची नसते. निम्म्या खऱ्या बातम्या जास्त फसवतात. उदाहरण देतो. एप्रिल २०२५ मध्ये सगळीकडे आलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून त्या ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश तपासला होता, आणि त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा माग दिसतोय असं त्यांचं म्हणणं होतं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचा म्हणून जो वास येतो, त्यात या वायूचाही वाटा असतो. ही बातमी मांगरात आली त्या रात्री दोघे जण चक्क पुळणीवर जाऊन वास घेऊन आले.

अशा बातमीला तीन प्रश्न विचारायचे. मोजलं कोणी आणि कशाने? खात्री किती? दुसऱ्या कोणी तपासलं का? पहिल्याचं उत्तर इथे चोख होतं. दुसऱ्याचं उत्तर होतं तीन सिग्मा. हा शब्द ऐकून घाबरू नका. खिशातलं नाणं काढा आणि सलग आठ-नऊ वेळा छापा आणून दाखवा. निव्वळ योगायोगाने तसं व्हायची शक्यता जेवढी, साधारण तेवढ्याच शक्यतेने निव्वळ गोंधळातून असा माग उमटू शकतो. भौतिकशास्त्रात शोध लागला म्हणायला पाच सिग्मा मागतात, म्हणजे सलग एकवीस-बावीस छापे. आणि हे नीट ऐका, तीन सिग्माचा अर्थ 'जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के' असा होत नाही. तो आकडा मोजमापात माग दिसण्याबद्दल आहे. माग खरा असला तरी तो वायू दुसऱ्या कशातून येऊ शकतो. एका धूमकेतूवरही तो सापडलाय, आणि तिथे समुद्र नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही महिन्यांत आलं. इतर गटांनी तीच आकडेमोड पुन्हा केली आणि त्यांना तो माग फारच फिका दिसला.

थ्रीआय/अ‍ॅटलासचं तेच. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या दुर्बिणीला हा पाहुणा दिसला. सूर्यमालेबाहेरून येताना आपण पकडलेला हा तिसरा, आधीचे दोन २०१७ आणि २०१९ चे. धूमकेतूच होता, पण "परग्रहवासीयांचं यान" या मथळ्याने आमच्याकडे तीन शनिवार खाल्ले. विज्ञानकथा आवडणाऱ्या माणसाला ते यान असावंसं वाटतंच, मलाही वाटलं. म्हणून तर आपण इतरांपेक्षा जास्त कडक राहायचं.

माझंच हेलियमचं प्रकरण

दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय, तर माझी फजिती सांगायलाच हवी.

विजयदुर्ग किल्ल्यात काही ओटे आहेत. साहेबाचे ओटे म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं असं: १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हेलियम शोधला. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियमच्या निमित्ताने कार्यक्रमही होतात. मुंबईहून आलेल्या कितीतरी पाहुण्यांना मी त्या ओट्यांवर उभा राहून छाती फुगवून ही गोष्ट सांगितली होती.

एका बैठकीत आम्ही सूर्यावर बोलत होतो, मी ही गोष्ट काढली, आणि बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, ऑगस्टात आपल्याकडे सूर्य दिसतो?"

पन्नास पावसाळे काढलेल्या माणसाला हे सुचू नये! मग मी घरी येऊन एकेक तारीख लावत बसलो. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण झालं हे खरं. पण ते पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा गुंटूरला होता, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या बाजूला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटात बघता येतील हे त्याच्या तिथेच लक्षात आलं. लॉकयर त्या वर्षी भारतात आलाच नव्हता. त्याने तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, इंग्लंडमध्ये, २० ऑक्टोबर १८६८ ला, कुठल्याही ग्रहणाशिवाय. वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारी एक तिसरी पिवळी रेषा होती, ५८७.५ नॅनोमीटरची, ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ग्रीक हेलिऑस म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅमसेला तो एका खनिजातून मिळाला.

मग ओटे साहेबाचे कसे? इथेच गंमत आहे. साहेब आला होता, फक्त तीस वर्षं उशिरा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर खरोखर विजयदुर्गला येऊन राहिला. ब्रिटिश युद्धनौका मेल्पोमीनीवरच्या खलाशांना कामाला लावून त्याने ग्रहणाच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. जानेवारी महिना, कोरडी हवा, स्वच्छ आभाळ. दुर्बीण घेऊन कोकणात यायचं तर असंच यायला हवं. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि त्यांचं एकच झालं.

आता पाहुण्यांना मी खरी गोष्ट सांगतो. खरं सांगायचं तर तीच जास्त रंगते. पण एक जाणता गृहस्थ अजूनही माझ्याशी बोलत नाही. गावाचा मान घालवलास म्हणतो.

राजकारण निघालं की

ते निघणारच. टाळायला जाऊ नका, कारण आपण बघतो त्या गोष्टींत ते आधीपासूनच बसलेलं आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'ने अमेरिकन पडद्यावर यानाच्या सुकाणूपाशी एक रशियन अधिकारी बसवला. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क आणि दहशतवादावर चर्चा ठेवली होती, कलाकारांना समोर बसवून. आणि दशावतारात राक्षसाच्या तोंडून गावच्या निवडणुकीवर टोमणा येतो तो आपण लहानपणापासून ऐकतोय. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतो, त्यामुळे कालची भानगड आज रंगमंचावर.

आमचे नियम थोडे आहेत. पक्षाचं नाव घ्यायचं नाही. समोरच्याचं आडनाव आणि वाडी काढायची नाही. आणि जैतापूरवर बोलताना एका वेळी एकच प्रश्न.

हा तिसरा नियम अनुभवातून आलाय. जैतापूरला सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. आमच्या कट्ट्यावर त्यावरून दोनदा खुर्च्या सरकल्या. एकाच्या नात्यातली जमीन त्यात गेलेली, दुसऱ्याचा मुलगा अणुऊर्जेत नोकरीला, तिसऱ्याचं पोट खाडीतल्या मासळीवर. शेवटी आम्ही फळ्यावर तीन रकाने पाडले. भट्टी कशी चालते आणि कुठे बिघडू शकते, हा भौतिकशास्त्राचा. वीज कितीला पडणार आणि तोटा झाला तर कोणी सोसायचा, हा पैशाचा. आणि हे ठरवायचा हक्क कोणाचा, हा तिसरा. पहिल्या रकान्यातला वाद पुस्तक उघडून मिटू शकतो. तिसऱ्यातला पुस्तकाने मिटत नाही, आणि ज्याची जमीन गेली त्याला पहिल्या रकान्यातलं उत्तर तोंडावर फेकणं हा उद्धटपणा आहे. नवीन माणसाने आधी ओळखावं की समोरचा कुठल्या रकान्यातून बोलतोय.

कधी कधी परग्रहाची गोष्ट अशा वेळी कामाला येते. 'द एक्सपान्स'मध्ये लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारी माणसं बर्फ वाहून आणायची कामं करतात आणि स्वतः पाणी मोजूनमापून पितात. तो भाग संपल्यावर चिपळूणकडची एक ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आमच्याकडे कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं आणि समुद्राला मिळतं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. आणि मे महिन्यात आसपासच्या वाड्यांवर टँकर. त्या रात्री कोणी कोणाचं आडनाव काढलं नाही. सगळ्यांना आपापल्या विहिरी आठवत होत्या.

लिहायचं असेल तर

थोडक्यात सांगतो. गोष्ट वाचून दाखवायची असेल तर नाव न घालता द्या, दुसरा कोणीतरी वाचेल. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये पाठवली तेव्हा स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं होतं. नावाचा दबदबा नसताना गोष्टीला बक्षीस मिळालं. आमच्याकडे दबदबा कोणाचाच नाही, पण नातेवाईक फार आहेत, आणि मामाच्या गोष्टीला वाईट कोण म्हणणार?

सड्यावर यायचं असेल तर

दिवाळीनंतर, पाऊस पुरता गेला की, अमावास्येच्या आसपास आम्ही एक रात्र सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, काढतो. मालिका नाही, प्रोजेक्टर नाही. नुसतं आकाश. आंब्याचा हंगाम सुरू झाला की माणसं मिळत नाहीत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतच. मे महिन्यात फक्त एक दुपार काढतो, ५-६ तारखेच्या सुमारास. आपल्या पट्ट्यात तेव्हा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टातही एकदा येतो, पण त्याबद्दल ती बारावीतली मुलगी काय म्हणाली ते वर सांगितलंच.

सड्यावर कोणीतरी हटकून विचारतं की राजापूर-रत्नागिरीकडची कातळशिल्पं परग्रहवासीयांनी कोरली का. नाही. कशेळीला जाऊन तो भला मोठा हत्ती बघा, त्याच्या अंगात कोरलेले प्राणी आणि मासे बघा. परग्रहावरून आलेल्याला पाकटाची शेपूट इतकी बरोबर कशी जमेल? ज्याने ती रोज पाहिली त्याचंच ते काम. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्याच पूर्वजांचं श्रेय उडत्या तबकडीला द्यायचं असेल तर ते मांगरात बसून द्या, कातळावर उभं राहून नको.

येताना चटई, पाणी आणि एक जादा पांघरूण आणा, पहाटे दव पडतं. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा, पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की पुन्हा अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. मोबाईल खिशात. आणि चपला घालून येऊ नका, घोट्यापर्यंतचे बूट घाला. सड्यावर फुरसं असतं.